भिंगरी आणि धुळाची शिट्टी

फार पूर्वी, माळरानाला कुंपणं नव्हती आणि मेंढरांच्या वाटा बैलगाड्यांच्या वाटांपेक्षा जुन्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका माळावर धुळा नावाचा एक मेंढपाळ राहत होता. त्याच्याजवळ सव्वाशे मेंढरं होती, बिऱ्हाड वाहायला एक तट्टू होतं, ठकू नावाची समजूतदार बायको होती आणि भिंगरी नावाची एक कुत्री होती.

भिंगरी दिसायला काही खास नव्हती. अंगानं किडकिडीत, रंग वाळल्या गवतासारखा, एक कान उभा आणि एक पडलेला. अनोळखी माणूस तिच्याकडे बघून म्हणायचा, "ही कसली मेंढरं राखणार?" पण ती कामाला लागली, की तोच माणूस डोक्यावरचा भारा खाली ठेवून बघत उभा राहायचा.

सकाळी ठकू वाघूर सोडायची. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती बांधायचं जाळीचं कुंपण. जाळी सुटली की मेंढरं फुटलेल्या पाटाच्या पाण्यासारखी चारी दिशांना धावायची. तोवर भिंगरी मोठा वळसा घेऊन त्यांच्या पुढं पोचलेली असायची. ती भुंकायची नाही, चावायची तर मुळीच नाही. पोट जमिनीला टेकवून, मान लांब करून ती नुसती बघायची. त्या नजरेत काय होतं कुणास ठाऊक, पण कळपाच्या पुढारी मेंढीला ते बरोबर कळायचं. पुढारी मेंढी वळायची आणि तिच्यामागं सगळा कळप वळायचा.

गावाकडच्या शेतांमधून जाताना तर भिंगरीचं काम बघण्यासारखं असायचं. एका अंगाला हिरवा हरभरा, दुसऱ्या अंगाला डोलणारी ज्वारी आणि मधून अरुंद पायवाट. भुकेली सव्वाशे मेंढरं त्या वाटेनं जायची आणि मागं वळून बघावं, तर हरभऱ्याचा एक घाटासुद्धा तुटलेला नसायचा. भिंगरी कधी या बांधावर, कधी त्या बांधावर. एखादी मेंढी मान वळवायच्या आधीच ही तिच्या समोर हजर. म्हणून शेतकरी धुळाला मुद्दाम बोलावणं धाडायचे. "या वर्षी आमच्या रानात मेंढरं बसव रे बाबा. खत मिळतं आणि तुझी कुत्री असली, की शेजाऱ्याशी भांडण होत नाही."

धुळा चालता चालता तोंडानं शिट्ट्या घालायचा. उजवीकडं, डावीकडं, पुढं, थांब. भिंगरी त्या ऐकायची, पण दरवेळी मानायचीच असं नाही. मागं एखादं कोकरू लंगडत असलं, तर पुढं चलायची शिट्टी झाली तरी ती कळप थोपवून धरायची आणि मान वळवून धुळाकडं बघायची. जणू म्हणायची, "तुला तिथून दिसत नाही, मला दिसतंय." धुळा हसायचा आणि थांबायचा. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या माळावर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मेंढपाळांची जत्रा भरायची. जत्रेतला सगळ्यात मोठा खेळ होता हाकणीचा. दूरच्या टेकाडावर दहा परकी मेंढरं सोडायची. ढोलवाला ढोलाची एक फेरी धरायचा. ती फेरी संपायच्या आत कुत्र्यानं ती मेंढरं हाकून आणायची, दोन उभ्या दगडांच्या मधून काढायची आणि वाघुरीत घालायची. मालकानं त्याच्यासाठी रोवलेल्या खुंटीजवळून हलायचं नाही. जो जिंकेल, त्याचा कळप ओढ्यापलीकडच्या कुरणात पहिला महिना चरणार. दुसरा आलेला त्याच्यानंतर जाणार. बाकीच्यांनी माळावरच्या काटक्यांवर दिवस काढायचे. त्या कुरणात भर उन्हाळ्यातही गुडघाभर गवत असायचं, म्हणून या खेळाला मोठा मान होता.

एका वर्षी धुळा भिंगरीला घेऊन त्या खेळात उतरला. भिंगरीनं टेकाडावरची मेंढरं अशी अलगद हलवली, की बघणारे टाचा उंचावून बघू लागले. पण दोन दगडांपाशी येऊन ती थांबली. पुढची मेंढी त्या दगडांना बुजली होती. धुळानं पुढं चलायची शिट्टी घातली. भिंगरी जागची हलली नाही. ती जमिनीवर बसली आणि मेंढीची भीती मोडायची वाट बघत राहिली. धुळानं पुन्हा शिट्टी घातली, मग आणखी एकदा. शेवटी मेंढीनं स्वतःहून पाय टाकला, तिच्यामागून बाकीची नऊ शांतपणे दगडांमधून गेली, पण तोवर ढोल थांबला होता.

पहिला आला गेनबा आणि त्याचा कुत्रा सरदार. गेनबा हा पलीकडच्या वाडीचा मेंढपाळ. त्याचा सरदार शिट्टीवर उठायचा, शिट्टीवर बसायचा, शिट्टीशिवाय मानसुद्धा हलवायचा नाही. लोक म्हणाले, "याला म्हणतात शिस्त." आणि कुणीतरी धुळाकडं बघून म्हणालं, "इथं तर कुत्रीच मालकाला शिकवते आहे." सगळे हसले. गेनबासुद्धा हसला.

ते हसू धुळाच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं भिंगरीला शिकवायला घेतलं. शिट्टी झाली की उठायचं, शिट्टी झाली की बसायचं. शिट्टीआधी पाऊल पडलं, तर काठी. शिट्टीनंतर पाऊल अडलं, तरी काठी. मागं वळून त्याच्याकडं बघितलं, तर त्या दिवशीची भाकरी बंद. तोंडानं हाक मारून तो मुद्दाम तिला फसवायचा. ती हाकेला आली, तरी मार बसायचा. शिट्टीशिवाय दुसरं काहीच ऐकायचं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसायला हवं होतं.

ठकूला हे बघवेना. एक दिवस ती म्हणाली, "अहो, तुम्ही तिला नवीन काही शिकवता आहात, की जे येत होतं ते विसरायला लावता आहात?"

"कुरण हवं की नको?" धुळा म्हणाला.

"कुरण हवं. पण तिला मेंढरांचं मन कळतं, ते तुमच्या शिट्टीला कळत नाही."

"मालक मी आहे, ती नाही." धुळा म्हणाला आणि काठी घेऊन बाहेर गेला.

वर्ष सरता सरता भिंगरी बदलली. आता ती कधी चुकायची नाही. शिट्टी होईपर्यंत दगडासारखी बसून राहायची. एखादं कोकरू मागं राहिलं, तरी ती बघायची नाही. ते धुळालाच जाऊन आणावं लागायचं. रात्री निजताना ती पूर्वी त्याच्या पायाशी येऊन पडायची, ती आता तट्टाच्या पलीकडं जाऊन पडू लागली. धुळाच्या हे लक्षात आलं होतं. पण त्याला वाटलं, शिस्त म्हटली की एवढं चालायचंच.

पुढच्या जत्रेत भिंगरी पहिली आली. ढोलाची फेरी अर्धी बाकी होती, तेव्हाच दहाही मेंढरं वाघुरीत होती. दगडांपाशी बुजलेल्या एका मेंढीला तिनं असं रेटलं, की मेंढीचा गुडघा फुटला. पण ते कुणी बघितलं नाही. गेनबाचा सरदार दुसरा आला. लोकांनी धुळाला खांद्यावर घेतलं. जत्रेच्या म्हाताऱ्या पंचांनी त्याच्या डोक्याला फेटा बांधला. धुळानं भिंगरीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत आनंद नव्हता. ती पुढच्या शिट्टीची वाट बघत होती.

दोन दिवसांनी धुळा आणि ठकू बिऱ्हाड घेऊन कुरणाकडं निघाले. मधे ओढा होता. उन्हाळ्यानं पाणी आटलेलं, पात्रात नुसती हिरवी शेवाळलेली सपाटी दिसत होती. वरच्या अंगाला एक खडकाळ उतार होता, पण तो अर्धा कोस लांब पडायचा. पलीकडं गवत वाऱ्यावर हलत होतं, मेंढरांना त्याचा वास आला होता आणि धुळाला घाई झाली होती.

त्यानं पुढं चलायची शिट्टी घातली.

भिंगरी पात्राच्या काठापर्यंत गेली. तिनं खाली नाक लावलं. तिचे पुढचे पाय थबकले. वर्षभरात पहिल्यांदाच तिची मान मागं वळू लागली.

धुळानं पुन्हा शिट्टी घातली, या वेळी जोरात.

वळलेली मान सरळ झाली. भिंगरीनं मेंढरं पात्रात घातली.

पुढारी मेंढी दहा पावलं गेली आणि पोटापर्यंत खाली बसली. हिरव्या सपाटीखाली गाळ होता. तिच्यामागची दुसरी रुतली, तिसरी रुतली. मागची मेंढरं पुढच्यांवर चढू लागली. धुळाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं थांबायची लांब शिट्टी घातली.

शिट्टी होताच भिंगरी होती तिथं बसली. ती गाळातच होती. बसताच तिचं पोट बुडालं, मग पाठ बुडाली. ती धडपडली नाही. थांबायची शिट्टी झाली होती, आणि उठायची अजून झाली नव्हती. ती मान वर धरून, धुळाकडं एकटक बघत बसून राहिली आणि खाली जात राहिली.

मागं ठकूनं प्रसंग ओळखला. तिनं काठी आडवी धरली, तट्टू आडवं घातलं आणि काठावरची मेंढरं मागं लोटली.

"भिंगरे, ये," धुळा ओरडला. "ये इकडं."

ती आली नाही. हाकेला आलं की मार बसतो, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं शिट्टी घालायला ओठ आवळले. ओठ कोरडे पडले होते. नुसती हवा बाहेर आली. त्यानं जीभ फिरवली, पुन्हा आवळले, पुन्हा हवाच.

मग त्यानं फेटा टाकला, खांद्यावरची घोंगडी गाळावर पसरली आणि तिच्यावर पालथा पडून सरपटत निघाला. कोपरं गाळात जात होती, तोंडात चिखल जात होता. भिंगरीचं नाक तेवढं वर राहिलं होतं, तेव्हा त्याचा हात तिच्या मानेपर्यंत पोचला. त्यानं मानेचं कातडं मुठीत धरलं आणि तिला इंच इंच करून घोंगडीवर ओढलं. ठकूनं तट्टाचा दोर टाकला. दोर धरून दोघंही काठाला लागले.

नऊ मेंढरं गाळात गेली होती. दोर लावून, ओढून, सहा बाहेर काढता आली. तीन गेली. त्यांत ती पुढारी मेंढी होती.

धुळा काठावर बसला. चिखलानं माखलेली भिंगरी त्याच्यासमोर पडली होती. तिच्या अंगाला कापरं भरलं होतं आणि तशातही तिची नजर त्याच्या ओठांवर होती.

"ती मला सांगत होती," धुळा म्हणाला. "काठावर उभी राहून सांगत होती."

ठकूनं आपल्या पदरानं भिंगरीचे डोळे पुसले.

मग ते खडकाळ उतारावरून, अर्ध्या कोसाचा वळसा घेऊन, कुरणात पोचले.

कुरणात गवत गुडघाभर होतं. मेंढरं दोन दिवसांतच टवटवीत दिसू लागली. पण धुळाचं मन काही केल्या रमेना. त्यानं मनाशी ठरवलं, की आता शिट्टी घालायची नाही. पण शिट्टी नाही म्हटल्यावर भिंगरी काहीच करेना. ती सकाळी बसायची ती संध्याकाळपर्यंत बसून राहायची, त्याच्या तोंडाकडं बघत. मेंढरं पांगली, की धुळा स्वतः धावायचा. या टोकाला वळवावीत, तर त्या टोकाला फुटायची. दिवस मावळेपर्यंत त्याच्या पिंढऱ्या भरून यायच्या. एकटी भिंगरी रोज केवढं काम करत होती, ते त्याला तेव्हा कळलं.

"ही आता कधीच पहिल्यासारखी व्हायची नाही," तो एकदा ठकूला म्हणाला.

"वर्षभर मोडलंत, ते आठवड्यात कसं जुळेल?" ठकू म्हणाली. "तुम्ही तिच्याकडं सारखं बघता, तेवढं सोडा. तुमच्या बघण्याचीसुद्धा तिला धास्ती आहे."

धुळाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो झाडाखाली बसला, लोकर काढली आणि चातीवर सूत कातू लागला. भिंगरीकडं त्यानं पाठ केली. दुपारकडं एक कोकरू कळपातून फुटून कपारीकडं निघालं. भिंगरी उभी राहिली. तिनं धुळाकडं बघितलं. धुळा कातत राहिला. त्याला कोकरू दिसत होतं, हात शिवशिवत होते, पण तो उठला नाही. बराच वेळ गेला. मग गवतात सळसळ झाली. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर कोकरू परत आईजवळ आलं होतं आणि भिंगरी आपल्या जागेवर जाऊन बसली होती, मार खायच्या तयारीनं, अंग आवळून.

धुळा उठून तिच्याजवळ गेला. त्यानं आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा तिच्यापुढं ठेवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत आपल्या कामाला लागला.

असे पंधरा-वीस दिवस गेले. रोज थोडं थोडं करत भिंगरी कामाला लागली. आधी कोकरं, मग कडेची मेंढरं, मग सकाळी पाण्यावर नेणं. अजून ती मधेच थांबायची, अजून धास्तावायची. पण तिचा तो एक उभा कान पुन्हा सगळीकडं फिरू लागला होता.

एका सकाळी ऊन नुकतं पसरलं होतं. ठकू चुलीपाशी भाकरी थापत होती. मेंढरं उतारावर चरत होती. आणि समोरच्या उघड्या माथ्यावर एक लांडगा आला.

तो लंगडत होता. पुढचा एक पाय उचलून, थांबत थांबत, सरळ कळपाच्या दिशेनं येत होता. धुळानं काठी उचलली. लांडगा एकटा होता आणि जखमी होता. भिंगरीला अंगावर सोडली, तर ती त्याला डोंगरापार पळवून लावेल. 'धर' म्हणून एकच आखूड शिट्टी पुरेशी होती. त्याचे ओठ आपोआप आवळले गेले.

भिंगरी उभी होती. पण ती लांडग्याकडं बघत नव्हती. तिचं नाक उलट बाजूला होतं, खालच्या घळीकडं. तिथं धुळाला काहीच दिसत नव्हतं, नुसतं गवत हलत होतं. लांडगा आणखी दहा पावलं पुढं आला. मेंढरं ओरडू लागली.

भिंगरीनं मान वळवून धुळाकडं बघितलं.

ती नजर त्यानं ओळखली. ओढ्याच्या काठावर तीच नजर त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच त्यानं शिट्टी घातली होती. आताही लांडगा डोळ्यांसमोर होता, प्रत्येक क्षण मोलाचा होता आणि चूक झाली तर कळप जाणार होता. सगळं अंग म्हणत होतं, शिट्टी घाल. त्यानं ओठ सैल सोडले.

"तुझं तू बघ, बाई," तो म्हणाला.

भिंगरी बाणासारखी सुटली. लांडग्याकडं नाही, उलट दिशेला, घळीकडं. क्षणभर धुळाला वाटलं, ही भिऊन पळाली. त्याचे ओठ पुन्हा आवळले गेले. त्यानं हात दातांत धरून शिट्टी अडवली.

मग घळीच्या तोंडाशी गवत दुभंगलं आणि दुसरा लांडगा बाहेर आला. चांगला थोराड, धडधाकट. पोटावर सरपटत तो कोकरं असलेल्या मेंढ्यांपासून दहा हातांवर येऊन पोचला होता. माथ्यावरचा लंगडा नुसता दाखवायचा होता. राखणाऱ्याचं लक्ष तिकडं गुंतलं, की खालच्यानं डाव साधायचा, अशी त्या जोडीची रीत होती.

भिंगरी लांडग्याच्या अंगावर गेली नाही. तिला माहीत होतं, की लांडग्याशी झुंज घेतली तर कळप फुटेल, आणि फुटलेल्या कळपात मरणं शंभर आहेत. ती लांडगा आणि कोकरं यांच्या मधून वाऱ्यासारखी गेली, मेंढ्यांना वळवलं, वळसा घेऊन वरची मेंढरं खाली आणली, खालची वर नेली आणि बघता बघता सगळा कळप मागच्या उभ्या कड्याला असा भिडवला, की मेंढरांचा एकच लोकरीचा ढीग झाला. कोकरं आत, मोठी मेंढरं बाहेर. आणि त्या ढिगापुढं ती एकटी उभी राहिली, मानेवरचे केस ताठ करून, आणि भुंकली. तिचं भुंकणं धुळानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. किडकिडीत अंगातून असा आवाज निघेल, हे त्याला खरं वाटेना.

आता काय करायचं, ते धुळाला ठाऊक होतं. तो काठी फिरवत, आरोळ्या देत कड्याकडं धावला. ठकू चुलीवरचा तवा आपटत दुसऱ्या अंगानं आली. थोराड लांडगा एकदा भिंगरीकडं, एकदा काठीकडं बघून घळीत उतरला. माथ्यावरचा लंगडा चारही पायांवर चांगला ठणठणीत पळाला.

धुळानं मेंढरं मोजली. एकही कमी नव्हतं. एका कोकराला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तो भिंगरीजवळ गुडघे टेकून बसला. ती धापा टाकत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. आपलं डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

ठकू म्हणाली, "तुम्ही शिट्टी घातली नाहीत."

"नाही," धुळा म्हणाला. "फार जड गेलं."

महिना संपला तसा गेनबा आपला कळप आणि सरदारला घेऊन कुरणात आला. आता त्याची पाळी होती. वाटेतच त्यानं लांडग्यांची हकिकत ऐकली होती. आल्या आल्या तो धुळाला म्हणाला, "मला ती शिट्टी शिकव."

"कोणती?"

"दोन लांडग्यांमधून कळप काढायची. अशी शिट्टी मी आजवर ऐकली नाही."

"शिट्टी नव्हतीच गेनबा. तिनं तिच्या मनानं केलं."

गेनबाला ते खरं वाटलं नाही. त्याला वाटलं, धुळा विद्या लपवतो आहे. धुळा म्हणाला, "मी उद्या निघणार आहे. सकाळी इथं माझ्याजवळ येऊन बस. फक्त एक कर, काही बोलू नकोस."

सकाळी दोघं मेंढपाळ झाडाखाली सूत कातत बसले. ठकूनं वाघूर सोडली. भिंगरीनं मोठा वळसा घेतला, कळप गोळा केला, एक गाभण मेंढी मागं पडत होती म्हणून सगळ्यांना दोनदा थांबवलं, खडकाळ उतारावरून एकेक करून खाली घेतलं आणि ओढ्यापलीकडं नेऊन उभं केलं. गाळाच्या सपाटीपासून तिनं कळप चांगला शंभर हात दूर ठेवला होता. धुळानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

गेनबाच्या हातातली चाती केव्हाच थांबली होती.

"आणि हिला आम्ही हसलो होतो," तो म्हणाला.

"तू हसलास, त्याचं काही नाही," धुळा म्हणाला. "मी ते हसणं खरं मानलं, ती माझी चूक. तीन मेंढरं गेली त्यात, आणि ही जाता जाता राहिली."

धुळा उठला, ठकूबरोबर ओढ्याकडं चालू लागला. गेनबा मात्र तिथंच बसून राहिला. त्याचा सरदार शेजारी ताठ बसला होता, हुकमाची वाट बघत. समोर गेनबाची मेंढरं हळूहळू पांगू लागली होती. गेनबानं सवयीनं शिट्टी घालायला तोंड उघडलं. मग ते मिटलं. त्यानं सरदारच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघ बाबा, तुला काय वाटतं ते."

सरदार बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. गेनबानं चाती उचलली आणि वाट बघत सूत कातू लागला.

तात्पर्य: हुकूम ऐकणारा सोबती धाकानं मिळतो, पण संकटात तारणारा सोबती विश्वासानंच मिळतो. ज्याला काम कळतं, त्याच्या शहाणपणापुढं वेळेवर गप्प राहणं, हेही मालकाचं मोठं शहाणपण आहे.